रेडिएशननंतर गाठ खरंच गेली का? गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधीचा एमआरआय

"डॉक्टर, आप्पांची गाठ विरघळली म्हणत्यात, मग आता कशाला फाडायचं?"

इंदापूर तालुक्यातल्या कळंबहून आलेल्या एका कुटुंबाचा हा प्रश्न. (हे वालचंदनगरजवळचं कळंब, धाराशिवचं नव्हे. केसपेपरवर हा गोंधळ आमच्याकडे नेहमी होतो.) आप्पांना गुदाशयाचा कॅन्सर होता. पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत केमोच्या गोळ्या झाल्या होत्या. शौचातून रक्त जाणं थांबलं होतं, भूक लागत होती, वजन दोन किलोने वाढलं होतं. एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलं होतं, "गाठीच्या जागी मुख्यतः फायब्रोसिस". घरच्यांनी त्याचा अर्थ काढला की आजार संपला.

रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर मात्र आणखी एक ओळ होती. एका लहानशा भागात अजून जिवंत गाठीचा संशय आहे, असं तिथे म्हटलं होतं. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती.

तुमच्या घरात कुणी या टप्प्यावर असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. रेडिएशन संपल्यानंतर आणि ऑपरेशनच्या आधी जो एमआरआय होतो, त्यात डॉक्टर नेमकं काय शोधतात, तो कुठे चुकू शकतो आणि त्यावर तुमचे कोणते निर्णय अवलंबून असतात, हे समजून घेऊ.

ऑपरेशनच्या आधी रेडिएशन का?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण वीतभर भाग. तो कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनीमार्ग, मागे माकडहाड. सर्जनला हात हलवायला जागा कमी. गाठ मोठी असेल तर ती पूर्ण काढताना कडेला पेशी राहून जाण्याचा धोका असतो. मग आजार त्याच जागी पुन्हा उगवतो, आणि असा उगवलेला आजार काढणं फार कठीण जातं.

म्हणून आधी रेडिएशन देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन करायचं, ही पद्धत रुळली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात ऑपरेशनआधी रेडिएशन-केमो घेतलेल्यांपैकी सुमारे 6 टक्के रुग्णांमध्ये पाच वर्षांत त्याच जागी आजार परतला, तर हेच उपचार ऑपरेशननंतर घेतलेल्यांमध्ये 13 टक्क्यांमध्ये. तेव्हापासून क्रम बदलला तो बदललाच.

आज दोन पद्धतींनी रेडिएशन देतात. एक, सोमवार ते शुक्रवार असं पाच ते साडेपाच आठवडे, म्हणजे 25 ते 28 वेळा, सोबत केमोच्या गोळ्या. दुसरी, फक्त पाच दिवसांची, पण रोजचा डोस जास्त. अनेकांना यानंतर किंवा याच्या आधी काही महिने सलाइनमधून केमोही देतात. तुम्हाला कोणती पद्धत दिली आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. तो कागद जपून ठेवा, कारण पुढचा एमआरआय कधी करायचा हे त्यावरून ठरतं.

घाईने केलेला स्कॅन फसवतो

रेडिएशन संपल्याच्या दिवशी कॅन्सरच्या पेशी मेलेल्या नसतात. त्यांच्या आतल्या डीएनएला इजा झालेली असते, आणि पेशी विभागायला गेली की ती मरते. त्यामुळे मशिन बंद झाल्यावरही गाठ कित्येक आठवडे लहान होत राहते. शिवाय रेडिएशनमुळे आतड्याची भिंत सुजलेली असते. या काळात स्कॅन केला तर सूज आणि गाठ एकमेकांत मिसळतात, आणि रिपोर्ट प्रत्यक्षापेक्षा वाईट येतो.

म्हणून पाच आठवड्यांच्या रेडिएशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे थांबून, काही वेळा त्याहून उशिरा, एमआरआय करतात. नंतर केमो चालू असेल तर ती संपल्यावर. मध्येच "एकदा बघून तरी घेऊ" म्हणून स्वतःहून केलेला स्कॅन पैसे घालवतो आणि झोपही. माझ्याकडे असे एक काका आले होते. रेडिएशन संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि स्कॅनमध्ये गाठ "जवळपास तशीच" असल्याचं वाचून त्यांनी पुढचं सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. सात आठवड्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा गाठ निम्म्याहून कमी झाली होती.

उलट बाजूने, "बरं वाटतंय" म्हणून चार-सहा महिने न फिरकणं हे याहून जास्त धोक्याचं. रक्त थांबलं, दुखणं गेलं, याचा अर्थ गाठ लहान झाली इतकाच. ती संपली की नाही हे लक्षणांवरून सांगता येत नाही.

चित्रात काय दिसतं?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, त्यामुळे त्यातून रेडिएशन मिळत नाही. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी वापरून शरीराचे काप टिपले जातात. गुदाशयासाठी मुख्यतः दोन प्रकारची चित्रं लागतात.

पहिल्या प्रकारात चरबी पांढरी दिसते, आतड्याच्या भिंतीतला स्नायू गडद, आणि गाठ मधल्या करड्या रंगाची. उपचारानंतर गाठ जिथे मरते तिथे व्रण तयार होतो, भाजल्यानंतर कातडीवर जसा चट्टा राहतो तसा. या व्रणालाच रिपोर्टात फायब्रोसिस म्हणतात. तो चित्रात जवळजवळ काळा दिसतो. म्हणजे रेडिओलॉजिस्ट बघत असतो की करड्याचं काळं किती झालं, आणि काळ्यात कुठे करडं उरलंय का.

अडचण अशी की काळ्या व्रणात काही मोजक्या पेशी लपून बसल्या असतील तर त्या या चित्रात दिसत नाहीत. तिथे दुसरा प्रकार कामी येतो. त्याला डिफ्यूजन म्हणतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या पाण्याच्या कणांना हलायला जागा मिळत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीत माणूस अडकतो तसं. अशी अडकलेली जागा चित्रात चमकते, आणि तिच्या जोडीच्या नकाशावर गडद उमटते. दोन्हीकडे जुळलं तर जिवंत गाठीचा संशय बळावतो. नुसती चमक पुरेशी नाही, कारण आतड्यात साठलेल्या द्रवामुळेही चमक येते, आणि आतल्या हवेमुळे चित्रच वेडंवाकडं होतं.

एका प्रकारच्या गाठी चिकट स्राव बनवतात. उपचारानंतर पेशी मेल्या तरी तो स्राव डबक्यासारखा तिथेच राहतो आणि चित्रात पांढराशुभ्र दिसतो. त्यात जिवंत पेशी आहेत की नाहीत हे एमआरआयला नीट सांगता येत नाही. आपल्याकडे तरुण वयातल्या रुग्णांमध्ये स्राव बनवणारे प्रकार पुष्कळदा आढळतात. तुमच्या पहिल्या बायोप्सीत "म्युसिनस" किंवा "सिग्नेट रिंग" असा शब्द असेल, तर एमआरआयच्या वेळी तो रिपोर्ट रेडिओलॉजिस्टला दाखवाच.

रिपोर्टातले शब्द

सगळ्यात आधी एक अक्षर बघा. टी-2, टी-3, एन-0 अशा खुणांच्या आधी छोटं "वाय" असेल, तर ती पायरी उपचारानंतरची आहे. उपचारापूर्वी टी-3 आणि आता वाय-टी-2 म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीबाहेरून आत ओसरली.

मग येतो गाठीच्या प्रतिसादाचा अंक, टीआरजी. एमआरआयच्या मोजपट्टीत 1 म्हणजे गाठ दिसतच नाही, फार तर रेघेसारखा व्रण. 2 म्हणजे बहुतेक सगळा व्रण, गाठ ठळक दिसत नाही. 3 म्हणजे निम्म्याहून जास्त व्रण, पण गाठही दिसते. 4 म्हणजे थोडाच व्रण, मुख्यतः गाठ. 5 म्हणजे काहीच फरक नाही किंवा वाढ. इथे अंक लहान तितकं चांगलं.

पण जपून. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो, तेव्हा तोही असाच अंक देतो, आणि त्याच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ड्वोरॅक नावाच्या पट्टीत 4 म्हणजे गाठ पूर्ण गेलेली, तर मँडार्ड नावाच्या पट्टीत 1 म्हणजे पूर्ण गेलेली. ऑपरेशननंतर "आधी 2 होतं, आता 4 आलं, वाढलं की काय" म्हणून रडत आलेल्या सूनबाई मी पाहिल्या आहेत. बातमी खरं तर आनंदाची होती. तेव्हा अंकाबरोबर पट्टीचं नावही विचारा.

सर्जनच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची ओळ असते कडेची. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं आणि त्यावर पातळ पडदा. ऑपरेशनमध्ये हा सगळा गठ्ठा पडद्यासकट काढायचा असतो. गाठ या पडद्यापासून 1 मिलिमीटरच्या आत असेल तर कड धोक्यात आहे असं समजतात, आणि सर्जनला नेहमीपेक्षा रुंद ऑपरेशन ठरवावं लागतं.

गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपासून किती दूर आहे, हेही रिपोर्टात असतं. पोटावरची शौचाची पिशवी तात्पुरती की कायमची, याचं उत्तर बरंचसं इथे दडलेलं असतं. गाठ वर असेल तर आतडं पुन्हा जोडता येतं, आणि जोड भरेपर्यंत काही महिन्यांसाठी पिशवी लागते. स्नायूच गाठीत सापडला असेल तर ती कायमची. रेडिएशनने गाठ स्नायूपासून मागे सरली तर कधीकधी हा निर्णय बदलतो. म्हणून सर्जनशी बोलताना "पिशवी लागेल का" यापेक्षा "स्नायूपासून अंतर आधी किती होतं, आता किती आहे" असं विचारलंत तर उत्तर जास्त नेमकं मिळेल.

लसिका ग्रंथींबद्दल थोडक्यात: रेडिएशनने त्या आक्रसतात, आणि 5 मिलिमीटरपेक्षा लहान उरलेल्यांची सहसा काळजी करत नाहीत. रक्तवाहिनीत शिरलेली गाठ ओसरली का, हेही बघतात.

गाठ दिसत नसेल तर ऑपरेशन टळतं का?

आता आप्पांच्या घरच्यांचा प्रश्न. तो चुकीचा नव्हता. जगभरचे डॉक्टर गेली वीस-बावीस वर्षं हाच प्रश्न विचारत आहेत.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या सर्जन डॉ. अँजेलिटा हॅब्र-गामा यांनी 2004 मध्ये 265 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातल्या 71 जणांची गाठ रेडिएशन-केमोनंतर तपासणीत पूर्ण गेलेली आढळली, आणि त्यांचं ऑपरेशन न करता त्यांना बारीक नजरेखाली ठेवलं. सुरुवातीला पुष्कळांनी भुवया उंचावल्या. पण पुढे अनेक देशांतून तसेच अनुभव आले. 2018 मध्ये अशा 880 रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे चौघांत एकाची गाठ त्याच जागी पुन्हा उगवली. परत उगवलेल्या गाठींपैकी 97 टक्के आतड्याच्या भिंतीतच होत्या, म्हणजे बोटाने आणि दुर्बिणीने सापडण्यासारख्या, आणि बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच.

2022 मध्ये अमेरिकेतल्या 324 रुग्णांच्या अभ्यासात, रेडिएशन आधी आणि केमो नंतर अशा क्रमाने उपचार घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांचा गुदाशय तीन वर्षांनीही शाबूत होता.

म्हणजे "थांबून लक्ष ठेवणं" हा आज खरा पर्याय आहे. फक्त तो एकट्या एमआरआयच्या भरवशावर घेता येत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: डॉक्टरांनी बोटाने तपासल्यावर भिंत मऊ आणि गुळगुळीत लागणं, दुर्बिणीतून पांढरट सपाट व्रणाशिवाय काही न दिसणं, आणि एमआरआयच्या दोन्ही प्रकारच्या चित्रांत गाठ नसणं. नेदरलँड्समधल्या 50 रुग्णांच्या एका लहान अभ्यासात (2015) या तिन्हींनी "गाठ नाही" म्हटलं तेव्हा ते जवळजवळ नेहमी खरं ठरलं. पण गंमत बघा, तिन्हींनी "गाठ आहे" म्हटलं तेव्हाही साधारण 15 टक्के वेळा ती प्रत्यक्षात गेलेली होती. तपासणी दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

बायोप्सी घेऊन सोक्षमोक्ष लावता येईल, असं वाटणं साहजिक आहे. इथे ती फारशी उपयोगी पडत नाही. उरलेल्या पेशी अनेकदा भिंतीच्या खोल थरात असतात आणि चिमटा वरचाच थर उचलतो. "बायोप्सी निगेटिव्ह" हे वाक्य या टप्प्यावर दिलासा म्हणून घेऊ नका.

तिन्ही तपासण्या जवळपास चांगल्या पण पूर्ण नाहीत, असंही बऱ्याचदा होतं. तेव्हा तब्येत आणि गाठ दोन्ही साथ देत असतील तर डॉक्टर आणखी सहा ते बारा आठवडे थांबून पुन्हा बघतात. मात्र ठळक गाठ शिल्लक असेल तर थांबण्यात काही मिळत नाही.

आणि कळंबसारख्या गावातून येणाऱ्यांना मी एक प्रश्न स्पष्ट विचारते: तुम्ही येऊ शकाल का? पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोटाची तपासणी, दुर्बीण आणि सीईए ही रक्ततपासणी, दर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय, अधूनमधून छाती-पोटाचा सीटी स्कॅन. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी फेरी. ऊसतोड असो, लग्नसराई असो, आषाढी असो, तारीख चुकवून चालत नाही. बारामतीची एसटी पकडून पुण्याला किंवा मुंबईला, नाहीतर इंदापूरमार्गे सोलापूर-बार्शीच्या बाजूला, दरवेळी सोबत कुणी यायला हवं. ज्या घरात हे जमणार नाही तिथे ऑपरेशन हाच जास्त सुरक्षित मार्ग आहे, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. लक्ष न ठेवता नुसतं थांबणं म्हणजे उपचार अर्धवट सोडणं.

आप्पांचं काय झालं? त्या एका ओळीमुळे दुर्बीण पुन्हा केली. व्रणाच्या कडेला लहानसा खळगा होता, बोटाला कडक लागत होता. ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात थोड्या जिवंत पेशी सापडल्या, कडा स्वच्छ होत्या. पिशवी चार महिने राहिली, मग काढली.

स्कॅनला जाताना

जुन्या फिल्म आणि सीडी न्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. व्रण आणि गाठ यांतला फरक आधीच्या चित्राशेजारी ठेवूनच कळतो. नुसता जुना रिपोर्ट पुरत नाही, चित्रं लागतात. शक्यतो पहिला एमआरआय जिथे झाला तिथेच दुसरा करा, आणि रेडिएशन कधी संपलं ती तारीख फॉर्मवर लिहा.

अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं: मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिना, करगोट्याला अडकवलेली चावी. जरीची साडीही नको. पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. कारखान्यात ग्राइंडिंग किंवा वेल्डिंगचं काम केलेलं असेल आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा, कारण चुंबकाने तो कण हलू शकतो. वालचंदनगर परिसरातल्या जुन्या कामगारांना मी हे मुद्दाम विचारते.

अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं. आवाज मोठा येतो. आतड्याची हालचाल थांबवायला एक इंजेक्शन देतात, काही ठिकाणी हवा आणि मळ काढायला छोटा एनिमा देतात. काचबिंदू, हृदयाचे अनियमित ठोके किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर इंजेक्शनआधी सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी बोला, मार्ग निघतो.

पेट-सीटी करावा का, असं बरेच जण विचारतात. आजार यकृतात किंवा फुप्फुसात गेलाय का हे बघायला साधा सीटी स्कॅन बहुतेकांना पुरतो. आतड्याच्या भिंतीत रेडिएशनची सूज असताना पेटमध्ये तीही चमकते, त्यामुळे गाठ उरली की नाही यासाठी तो एमआरआयची जागा घेत नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये गणित वेगळं आहे, तिथे पेटचा उपयोग जास्त. हातापायाच्या सार्कोमात तर गाठ आतून मेली तरी आकार तसाच राहतो, कधी वाढतोही. तेव्हा गुदाशयाचे हे नियम दुसऱ्या कॅन्सरला लावू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच नको. परळचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, किंवा जिथे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात असं कोणतंही केंद्र चालेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार चालू असतील, तर हा एमआरआय पॅकेजमध्ये धरला आहे का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

वाट बघण्याच्या या आठवड्यांत पोट फुगून गॅस आणि शौच दोन्ही बंद झालं, उलट्या होऊ लागल्या, रक्त पुन्हा भरपूर जाऊ लागलं, किंवा थंडी वाजून ताप आला, तर स्कॅनच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि तुमची फाइल सोबत न्या.